आयर्लंडमध्ये भेटला मेकॉलेचा मेहुणा

आयर्लंडच्या सहलीचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर केव्हाच फिरून झाले आहेत. हिरव्या टेकड्या, मेंढ्या, मोहेरचे कडे, आणि वाऱ्यात टोपी सांभाळणारे आमचे हे. ते पुन्हा इथे टाकत नाही. कुठे काय खाल्लं याची यादीही देत नाही (रोज रात्री इंडियन जेवण आणि रोज बटाट्याची भाजी, एवढंच सांगते). मला लिहायचंय ते एका माणसाबद्दल. तो मला तिकडे बसमध्ये, एका गाण्यात भेटला.

आम्ही चौतीस जण होतो, बहुतेक निवृत्त. पहिले दोन दिवस डब्लिन. तिथल्या मोठ्या रस्त्यावरचं जनरल पोस्ट ऑफिस पाहिलं. एप्रिल १९१६ मध्ये ईस्टरच्या सोमवारी मूठभर लोकांनी ते ताब्यात घेऊन प्रजासत्ताकाची घोषणा केली आणि पुढे त्यातल्या पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस लोकमान्यांनी बेळगावला होमरूल लीग स्थापन केली. 'होमरूल' हा शब्द आपण आयर्लंडकडूनच उसना घेतलेला, हे वर्गात सांगत आले होते. पण तारखा इतक्या जवळच्या आहेत हे त्या दगडी खांबांपाशी उभं राहिल्यावर जाणवलं. असो. डब्लिनबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

तिसऱ्या दिवशी बस पश्चिमेला गॉलवेकडे निघाली. आमचा गाईडच बस चालवायचा, विनोद सांगायचा आणि गायचा. ॲथेन्राय गावाची पाटी आली तेव्हा त्याने त्या गावावरचं गाणं म्हटलं. आता ते लोक फुटबॉल-रग्बीच्या सामन्यांतसुद्धा ते एका सुरात म्हणतात, पण गाणं आहे दुष्काळात धान्य चोरल्याबद्दल ऑस्ट्रेलियाला, म्हणजे काळ्या पाण्यावर, धाडलेल्या माणसाचं. जुनं लोकगीत वाटतं, प्रत्यक्षात १९७० च्या दशकातलं आहे. त्यात ते धान्य कोणाचं हे नाव घेऊन सांगितलंय : ट्रेव्हेल्यनचं.

मी ह्यांना म्हटलं, "अहो, हा तर मेकॉलेचा मेहुणा!"

हे म्हणाले, "असेल. खिडकी लाव, वारा येतोय."

मेकॉले मी जवळजवळ दरवर्षी शिकवला. १८३५ चा तो शिक्षणाचा खलिता, इंग्रजीतून शिकवा म्हणणारा. पाठ्यपुस्तकात त्यावर हमखास प्रश्न असायचा. चार्ल्स ट्रेव्हेल्यन मात्र पाठ्यपुस्तकात नसायचा, तो मला अवांतर वाचनात भेटलेला. १८०७ चा जन्म. विशीच्या आत कंपनीच्या नोकरीत दिल्लीला आला आणि तिथे आपल्याच लाचखाऊ वरिष्ठावर आरोप ठेवून त्याला घरी बसवलं. म्हणजे माणूस सचोटीचा, कामाला वाघ. कलकत्त्यात त्याने मेकॉलेच्या बहिणीशी लग्न केलं आणि इंग्रजी शिक्षणाच्या वादात मेहुण्याच्या बाजूने हिरिरीने उतरला. पुढे त्यावर पुस्तकही लिहिलं. एवढंच नाही, हिंदुस्थानातल्या सगळ्या भाषा रोमन लिपीत लिहाव्यात असा त्याचा आग्रह होता. (आज नातवंडं 'kashi aahes aaji' छापाचं जे रोमन मराठी पाठवतात ते पाहून त्याला धन्य वाटलं असतं!)

हाच गृहस्थ १८४० मध्ये लंडनला ब्रिटिश खजिन्याच्या खात्याचा सहायक सचिव झाला, आणि पाच वर्षांनी आयर्लंडचा दुष्काळ त्याच्या टेबलावर आला.

त्या दुष्काळाबद्दल आपल्याकडे लोकांना फारसं ठाऊक नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. आयर्लंडची जमीन बहुतेक मोठ्या जमीनदारांच्या हाती, त्यातले कितीतरी इंग्लंडात राहणारे. कुळाने गहू-ओट पिकवायचे ते खंड भरण्यासाठी. स्वतःच्या पोटाला एका तुकड्यावर बटाटा लावायचा, कारण इतक्या थोड्या जागेत एवढं अन्न देणारं दुसरं पीक नाही. सुमारे तीस लाख माणसं जवळजवळ फक्त बटाट्यावर जगत. मोठा कामकरी माणूस दिवसाला पाच-सहा किलो खायचा आणि वर ताक. आपल्याकडे भाकरी-कांदा तसं ते बटाटा-ताक. गंमत म्हणजे त्यावर माणसं चांगली धट्टीकट्टी असत.

१८४५ च्या सप्टेंबरात करपा आला. पानं काळी पडायची आणि जमिनीतले बटाटे सडून घाण वास सुटायचा. पहिल्या वर्षी काही पीक वाचलं. १८४६ मध्ये जवळजवळ सगळं गेलं. पंतप्रधान पील यांनी पहिल्या वर्षी अमेरिकेतून मका मागवला होता. पण १८४६ च्या उन्हाळ्यात त्यांचं सरकार पडलं आणि नव्या सरकारचं मत पडलं की बाजारात ढवळाढवळ करू नये, व्यापारी धान्य आणतील. ट्रेव्हेल्यनचंही हेच मत, आणि मदतीच्या चाव्या त्याच्या हाती. लोकांना फुकट काही द्यायचं नाही, काम द्यायचं. म्हणून रस्त्यांची कामं निघाली. मार्च १८४७ मध्ये सात लाखांहून जास्त माणसं उपाशीपोटी खडी फोडत होती, आणि मिळणाऱ्या मजुरीत घरच्यांना पुरेल इतकं धान्य येत नव्हतं. त्यातले काही रस्ते कुठेच जात नाहीत, माळावर संपतात.

मग सरकारलाही कळलं की हे चालत नाही. सूप वाटायची केंद्रं निघाली आणि १८४७ च्या जुलैत दिवसाला तीस लाख माणसं तिथे जेवली. म्हणजे इच्छा असली तर करता येत होतं! पण शरद ऋतूत ती बंद केली. म्हणाले, आता आयर्लंडच्या गरिबांचा खर्च आयर्लंडच्याच करातून करा. वर अट अशी की पाव एकरापेक्षा जास्त जमीन धरून असलेल्याला मदत नाही. आधी जमीन सोड, मग खा. जमिनी सुटल्या, घरं पाडली गेली.

याच काळात बंदरांतून गुरं आणि लोणी बाहेर जात होतं. १८४७ मध्ये निर्यातीपेक्षा आयात धान्य जास्त होतं हेही खरं आहे, दोन्ही सांगायला हवं. पण ते पोचलं उशिरा, आणि विकत घ्यायला गाठीला पैसा कोणाच्या होता? दहा लाख माणसं मेली. दहा लाखांवर देश सोडून गेली. १८४१ मध्ये त्या बेटावर ८१ लाखांहून जास्त वस्ती होती. आज उत्तर आणि दक्षिण दोन्ही मिळून ती ७० लाखांच्या आसपास आहे. पावणेदोनशे वर्षांत जगात सगळीकडे माणसं वाढली, इथली अजून भरून निघालेली नाहीत.

ट्रेव्हेल्यनने जानेवारी १८४८ मध्ये या सगळ्यावर लेख लिहिला, संकट सरलं अशा थाटात. आयरिश समाजाला लागलेली खोड मोडायला देवानेच ही आपत्ती धाडली, असं त्याला मनापासून वाटत होतं. त्याच वर्षी तो 'सर' झाला. माणसं १८५२ पर्यंत मरत राहिली.

काही इतिहासकार म्हणतात, एकट्या सचिवाला खलनायक करणं सोपं आहे. निर्णय मंत्रिमंडळाचे होते. मलाही ते पटतं. पण प्रामाणिक, मेहनती, हिशेबाला चोख आणि समोरच्या माणसाचं भलं त्याच्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं अशी खात्री असलेला अधिकारी. त्याची मला लाचखाऊपेक्षा जास्त भीती वाटते. हा पुढे मद्रासचा गव्हर्नर आणि कलकत्त्याला अर्थमंत्री म्हणून परत आपल्याकडे आला. १८७६-७७ च्या दख्खनच्या दुष्काळात तो नव्हता, पण विचार तोच. रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामावरच्या माणसाची मजुरी उतरवून दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा अशी केली, तेव्हा आपले लोक कामं सोडून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारशी भांडण मांडलं. आमच्या आजीला तिच्या आजीकडून त्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकायला मिळाल्या होत्या.

गॉलवेच्या पुढे कॉनेमारा. फोटोत दिसतो तो हिरवागार डोंगर नीट पाहिला तर उतारावर सरी-वरंबे दिसतात, पार खडकापर्यंत चढत गेलेले. गाईड म्हणाला, ही बटाट्याची वाफेबंदी, दुष्काळानंतर तशीच पडून आहे. आम्ही ज्याला निसर्गसौंदर्य म्हणून फोटो काढत होतो ते ओसाड पडलेलं शेत होतं. वाटेत कायलमोर मठ पाहिला, मोठा देखणा. आपले क्रिकेटवाले रणजी, नवानगरचे जामसाहेब, यांनी जवळच १९२४ मध्ये एक वाडा विकत घेतला होता आणि त्यांच्या पुतण्या या मठाच्या शाळेत शिकल्या. ते ऐकून आमच्या बसमध्ये जो आनंद पसरला तो काय वर्णावा!

तिथून पुढे डूलॉख नावाच्या तळ्याकाठी फोटोसाठी दहा मिनिटं थांबलो. रस्त्याकडेला एक साधा दगडी क्रूस आहे. मार्च १८४९ मध्ये लुईसबर्ग गावातल्या शेकडो भुकेल्यांना सांगण्यात आलं की मदत चालू राहायला हवी तर तपासणीला दहा-बारा मैलांवर, साहेब उतरलेत तिथे हजर व्हा. माणसं चालत गेली आणि रिकाम्या हाताने परतली. येता-जाता या रस्त्यावर किती पडली याचे आकडे वेगवेगळे सांगतात. त्या क्रूसावर गांधीजींचं एक वचन कोरलंय, दुसऱ्याला अपमानित करण्यात माणसाला भूषण कसं वाटतं असं विचारणारं. तिथे कोणी बोललं नाही. मग कोणीतरी थेपल्यांचा डबा उघडला आणि पुन्हा मिटला.

परतताना समुद्राकाठच्या रस्त्यावर पाट्या फक्त आयरिश भाषेत होत्या. बाकी देशभर आयरिश आणि इंग्रजी दोन्ही असतात, पण हा भाग अजून घरात आयरिश बोलणाऱ्यांचा. त्या भाषेत दुष्काळाला 'गोर्ता मोर' म्हणतात, मोठी भूक. मेले आणि गेले ते जास्त करून याच भाषेचे, पश्चिमेकडचे गरीब लोक. १८५१ च्या जनगणनेत भाषेचा प्रश्न पहिल्यांदा विचारला तेव्हा चारातला एकही पुरता आयरिश बोलणारा उरला नव्हता.

मास्तरीण म्हणून मला जे सगळ्यात लागलं ते पुढेच. १८३१ पासून सरकारी शाळा निघाल्या, त्या इंग्रजीच्या. मुलांच्या गळ्यात एक काठी अडकवायचे, 'बाता स्कोर'. मूल आयरिश बोललं की काठीवर एक खाच. संध्याकाळी खाचा मोजून तितक्या छड्या. काही घरांत खाच आईबापच पाडत, मास्तर फक्त मोजायचे. आईबाप दुष्ट नव्हते. मूल बोटीत बसून अमेरिकेला जाणार आणि तिथे इंग्रजीच लागणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. खुद्द डॅनियल ओकॉनेल, ज्याचा पुतळा डब्लिनच्या त्याच रस्त्यावर उभा आहे, तो आयरिश बोलत वाढलेला. पण ती भाषा गेल्याचं त्याला दुःख नव्हतं. पोटाचा हिशेब करणाऱ्याला काय म्हणणार? आमच्या शाळेची पटसंख्या घसरायला लागली तेव्हा दाखला न्यायला आलेल्या आयाही मला हेच सांगायच्या, आणि त्यांच्यापाशी माझं उत्तर लंगडं पडायचं.

१९२२ नंतर स्वतंत्र सरकारने आयरिश शाळांत सक्तीची केली. २०२२ च्या जनगणनेत १८ लाखांवर लोकांनी ती येते असं सांगितलं, पण शाळेबाहेर रोज बोलणारे ७२ हजारसुद्धा नाहीत. गाईडला विचारलं, तर म्हणाला बारा-तेरा वर्षं शिकलो, लक्षात एकच वाक्य राहिलंय : "बाई, शौचालयात जाऊ का?"

शेवटून दुसऱ्या दिवशी कोव बंदर. दुष्काळापासून १९५० पर्यंत तिथून २५ लाख माणसं बोटीत चढली. धक्क्यावर ॲनी मूर आणि तिच्या दोन धाकट्या भावांचा पुतळा आहे. १ जानेवारी १८९२ ला न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर नोंद झालेली ती पहिली मुलगी. मूल जायच्या आदल्या रात्री घरी जागरण करायचे. मयताशेजारी बसतात त्यालाच जो शब्द, तोच याला : 'अमेरिकन वेक'. आमच्या चौतिसांपैकी निम्म्यांची तरी मुलं अमेरिकेत. विमानं आहेत, व्हिडिओ कॉल आहेत, तरी बायका पुतळ्यापाशी जरा जास्तच रेंगाळल्या.

त्या मुलांची पत्रं यायची, त्यात डॉलर असायचे. पत्र इंग्रजीत, कारण लिहायला शिकवलं होतं ते फक्त इंग्रजी. आईला येई फक्त आयरिश. मग ती पत्र घेऊन शाळेत जायची, आणि मास्तर, छडीवाले तेच मास्तर, ते वाचून तिला तिच्या भाषेत सांगायचे.