गुरुजी आणि आशाताई कोरोनाकाळात मोबाईलवर काय शिकले? जाणून घ्या सविस्तर

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागला. केंद्रशाळेतली शिक्षण परिषद, तालुक्याच्या ठिकाणचं प्रशिक्षण, प्राथमिक आरोग्य केंद्रातली आशांची बैठक, सगळ्यावरच मर्यादा आल्या. पण नवीन शिकण्याची खरी गरज याच वेळी होती. आजार नवा होता आणि मोबाईलवरून शिकवणंही नवंच होतं. म्हणून प्रशिक्षणच मोबाईलवर आलं.

शिक्षकांसाठी काय होतं?

‘दीक्षा’ हे सरकारी ॲप ५ सप्टेंबर २०१७ रोजीच सुरू झालं होतं. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या धड्याचा व्हिडिओ उघडतो, तो याच ॲपवर. कोरोनात त्याचा वापर खऱ्या अर्थाने वाढला. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला चालवली. रोजचा अभ्यास व्हॉट्सॲप ग्रुपवरून पालकांपर्यंत जायचा.

शिक्षकांचं ‘निष्ठा’ प्रशिक्षण आधी समोरासमोर होत असे. ६ ऑक्टोबर २०२० पासून ते देशपातळीवर ‘दीक्षा’वर ऑनलाइन आलं. त्यात १८ घटक होते. व्हिडिओ बघायचा, वाचायचं, प्रश्न सोडवायचे आणि प्रमाणपत्र डाउनलोड करायचं, अशी पद्धत. पुढे माध्यमिक शिक्षकांसाठी ‘निष्ठा २.०’ आणि लहान मुलांच्या पायाभूत वाचन-गणितासाठी ‘निष्ठा ३.०’ आली.

क्यूआर कोडचा विषय निघाला की सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्याचं नाव येतंच. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं, त्यामागे हे काम होतं.

आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी काय होतं?

एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘दीक्षा’च्याच आधारे ‘आयगॉट’ हे प्रशिक्षण सुरू केलं. डॉक्टर, नर्स, एएनएम, आशा आणि स्वयंसेवक अशा सगळ्यांसाठी त्यात वेगवेगळे कोर्स होते.

राज्यात १५ सप्टेंबर ते २५ ऑक्टोबर २०२० या काळात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम झाली. आशाताई थर्मल गन आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या. ऑक्सिजन ९५ च्या खाली दिसला की पुढच्या तपासणीसाठी पाठवायचं, हे त्यांना पक्कं माहीत असावं लागायचं.

इथेच व्हिडिओची मर्यादा कळते. बोटाला नेलपॉलिश किंवा मेंदी असली, हात गार असले, तर मशीन चुकीचा आकडा दाखवू शकतं. आकडा स्थिर होईपर्यंत थांबावं लागतं. व्हिडिओ बघून हे समजतं, पण हात बसतो तो कुणीतरी शेजारी उभं राहून करून घेतल्यावरच. म्हणून गटप्रवर्तक आणि एएनएम यांचं काम ऑनलाइन प्रशिक्षणामुळे कमी झालं नाही.

अडचणी कुठे आल्या?

• रेंज : धडगाव, मेळघाट, भामरागडसारख्या भागात रेंजसाठी टेकडी गाठावी लागते. तिथे तासभराचा व्हिडिओ चालणार कसा?
• खर्च : आशांना पगार नाही, कामावर आधारित मोबदला मिळतो. त्यातून रिचार्ज करायचा म्हणजे घरखर्चाला कात्री. मोबदल्याच्या प्रश्नावर जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशांनी संप केला. त्यानंतर मानधनवाढ जाहीर झाली.
• फोन : घरात फोन एक, त्यावर पोरांचा अभ्यासही आणि आईचं प्रशिक्षणही.
• भाषा : ‘पोषण ट्रॅकर’ ॲप इंग्रजीत आणि सरकारी फोन निकृष्ट, म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये अंगणवाडी सेविकांनी ठिकठिकाणी फोन परत केले. ॲप मराठीत द्या, ही त्यांची साधी मागणी होती.

गावाने यातून काय घ्यावं?

माहिती, नियम, नवीन सूचना पोहोचवायला मोबाईल चांगला. एकाच दिवशी सगळ्या जिल्ह्याला तीच गोष्ट सांगता येते आणि ताईंना एसटीने तालुक्याला जावं लागत नाही. पण ऑक्सिमीटर लावणं, बाळाचं वजन घेणं, पहिलीच्या मुलाला अक्षर ओळखायला शिकवणं, ही कामं प्रत्यक्ष करूनच येतात. प्रमाणपत्र मिळालं म्हणजे काम आलंच, असं नाही.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक पातळीवर गौरव केला. तो योग्यच होता. पण गावात त्यांना लागतं ते वेगळं : चालणारा फोन, डेटाचा खर्च, मराठीतलं ॲप आणि हाताने करून बघायला एक दिवस. पुढच्या ग्रामसभेत, शाळा व्यवस्थापन समितीत किंवा ग्राम आरोग्य समितीत हा विषय मांडता येतो. पुढची साथ येण्याआधी विचारलेलं बरं.