वाटाड्याचे उत्तराधिकारी

पावसाळा ओसरून दिवाळीची सुटी दृष्टिपथात आली, की चारचाकी गाडी डांबरी रस्त्यावरून खाली उतरवून माळावर, तळ्याकाठी किंवा नदीसंगमावर तंबू ठोकू पाहणाऱ्या मंडळींमध्ये एक प्रश्न हमखास निघतो : वाट दाखवणारे यंत्र कोणते घ्यावे? दुकानदाराचे उत्तर पडद्याचा आकार, बॅटरी आणि किंमत या तीन शब्दांत संपते. आम्हांला हा प्रश्न इतिहासाचाही वाटतो. वाट दाखवणारे प्रत्येक साधन हे आपल्याआधीच्या एका व्यवस्थेचे वारस असते. वारसाकडे जशी मालमत्ता येते तशी कर्जेही येतात, आणि यंत्र विकत घेणाऱ्याच्या हाती ती दोन्ही पडतात.

देशावर रेल्वे आणि पक्क्या सडका येण्यापूर्वी अनोळखी मुलखातले दिशादर्शक साधन म्हणजे माणूस होता. वाटाड्या हा शब्द आज उच्चारला की सहलीचा आनंद आठवतो. त्या शब्दामागची ग्रामव्यवस्था मात्र आनंदाची नव्हती. सरकारी अंमलदार, फौजेची तुकडी किंवा प्रतिष्ठित प्रवासी गावात आला की त्याला पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोहोचवणे हे महार वतनातल्या अनेक कामांपैकी एक काम होते. वेळ रात्रीची असो वा उन्हाची, बोलावणे आले की निघावे लागे. शिवेवर पुढच्या गावचा वेसकर प्रवाशाला ताब्यात घेई. गावाची हद्द कोठून कोठे जाते, ओढ्याला उतार कोठे आहे, कोणती विहीर आटली आहे, हे सारे ज्याच्या पायांना ठाऊक होते त्याला त्याच गावाच्या वेशीबाहेर राहावे लागत होते. शिवेचा तंटा उद्भवला की साक्ष मात्र त्याचीच लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे या बिनमोल राबणुकीचा हिशेब होता. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. भूगोलाच्या ज्ञानाचा आपल्याकडचा सर्वांत तपशीलवार साठा असा सक्तीच्या श्रमात साठलेला होता. वाटाड्याविषयीच्या हळव्या लेखनात हा भाग सहसा गळून जातो, म्हणून येथे नोंदवला.

कंपनी सरकारला हे ज्ञान माणसाकडून काढून कागदावर हवे होते. विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून जी त्रिकोणमितीय पाहणी सुरू केली, ती दख्खनच्या पठारावर चढली. बिदरजवळ आणखी एक पायारेषा मोजली गेली आणि तेथून पश्चिमेला मुंबईकडे त्रिकोणांची एक माळ ओवली गेली. लॅम्बटन स्वतः १८२३ साली वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याच्यामागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने पृथ्वीच्या आकाराचे जे गणित १८३० साली मांडले, त्यावर पुढची पावणेदोनशे वर्षे आपले नकाशे काढले गेले. हे गणित अचूक असले तरी टेकडीवर दुर्बीण चढवणारी माणसे आणि गावाचे नाव, ओढ्याचे नाव सांगणारी माणसे जागच्या जागीच मिळवावी लागली. नकाशावर त्यांची नावे येत नाहीत. त्यांनी सांगितलेली नावे तेवढी येतात, तीही इंग्रजी कानाला जशी ऐकू आली तशी.

या पाहणीचे फळ म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट. एका सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर हे तिचे आजचे प्रमाण, आणि एका शीटमध्ये साधारण २७ किलोमीटर लांब-रुंद मुलूख मावतो. सोलापूर शहर ‘४७ ओ/१४’ या शीटवर पडते, पंढरपूर ‘४७ ओ/६’ वर. गंमत पूर्वेकडे आहे. शहरापासून दहाएक किलोमीटरवर ७६ रेखांश उत्तर-दक्षिण जातो आणि तेथे ४७ ही मालिकाच संपून ५६ सुरू होते. म्हणजे अक्कलकोटला निघालेल्या माणसाला सुमारे ४० किलोमीटरच्या वाटेत शीट तर बदलावी लागतेच, मालिकाही बदलावी लागते. नळदुर्गाचेही तेच. शहराच्या पूर्वेला तळ ठोकायचा असेल तर दोन कागद शेजारी ठेवून कडा जुळवण्याची कसरत अटळ आहे. आमच्या मते नकाशावाचन शिकायला याहून चांगला धडा नाही.

सह्याद्रीत भटकणाऱ्या पुण्यामुंबईच्या मंडळींनी टोपोशीटची जी कीर्ती पसरवली, ती सोलापूरला जशीच्या तशी लागू पडत नाही. दर २० मीटर उंचीला एक अशा समोच्च रेषा सह्याद्रीत एकमेकींना खेटून बसतात. कडा, सोंड, खिंड डोळ्यांपुढे उभी राहते. आमच्याकडे त्याच रेषा एकमेकींपासून कोसभर दूर पडतात आणि कागद रिकामा दिसतो. अशा सपाटीवर आपण कोठे आहोत हे ठरवायचे ते विहीर, देऊळ, पाझर तलाव, ओढ्याचे वळण आणि गाडीवाट यांच्या खुणांवरून. गाडीवाटेला टोपोशीटवर स्वतंत्र चिन्ह आहे, पायवाटेला वेगळे. चाकांवर जाणाऱ्याने आधी हा भेद शिकावा. होकायंत्राला मात्र हा मुलूख अनुकूल आहे, कारण चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत येथे जेमतेम एखाद्या अंशाचा फरक पडतो. फक्त गाडीतून उतरून चार पावले लांब जाऊन ते पाहावे. गाडीचे लोखंड सुईला फसवते, आणि काही ठिकाणी आपला काळा बेसाल्टसुद्धा.

कागद होता म्हणून तो सर्वांना मिळत होता असे नव्हे. स्वातंत्र्यानंतरही नकाशा ही सरकारने जपायची वस्तू राहिली. किनारा आणि सीमा यांलगतच्या शीटवर निर्बंध होते, आणि जेथे निर्बंध नव्हते तेथेही विचारणा, अर्ज, ओळखपत्र यांनी सामान्य माणूस दमून जाई. सन २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एक आणि लोकांसाठी एक अशा दोन मालिका केल्या. पुढे २०१७ मध्ये लोकांसाठीच्या शीट संगणकावर विनामूल्य उतरवून घेण्याची सोय झाली आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय कंपन्यांना पूर्वपरवानगीवाचून नकाशे करण्याची मोकळीक दिली. लॅम्बटनच्या पायारेषेपासून मोजले तर आपलाच मुलूख कागदावर पाहण्याचा हक्क आपल्याला सहजपणे मिळायला दोनशे वर्षांहून अधिक काळ लागला.

दरम्यान आकाशातून दुसरे साधन आले होते. अमेरिकेच्या लष्करी उपग्रहांचे संकेत नागरिकांसाठी मुद्दाम बिघडवून सोडले जात आणि त्यामुळे शंभरेक मीटरची चूक राही. मे २००० मध्ये ती अडवणूक उठली आणि चूक दहा-वीस मीटरवर आली. त्याच वर्षी गार्मिन कंपनीचे ईट्रेक्स नावाचे मुठीत मावणारे यंत्र बाजारात आले. दोन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या त्या पहिल्या यंत्रात नकाशा नव्हताच. अक्षांश-रेखांश, चालून आलेली वाट आणि ठरवलेल्या बिंदूकडे वळणारा बाण, एवढीच त्याची विद्या. आकडे वाचायचे आणि टोपोशीटवर बोट ठेवायचे, असा नव्या-जुन्याचा संसार पुष्कळांनी केला. त्यात एक मेख होती. जुन्या शीट एव्हरेस्टच्या गणितावर, यंत्र नव्या जागतिक गणितावर. यंत्राच्या यादीतून भारतीय संदर्भ निवडला नाही तर सोलापूरच्या परिसरात शंभर मीटरांहून अधिक फरक पडतो. ओढ्याच्या अलीकडे उभा असलेला माणूस कागदावर पलीकडे दिसू शकतो. दोन्ही साधने आपापल्या जागी खरीच बोलत असतात, त्यांची भाषा तेवढी वेगळी असते. नव्या खुल्या मालिकेत ही अडचण मिटली, पण जपून ठेवलेल्या जुन्या शीट अजून घरोघरी आहेत. आपल्या इस्रोने जुलै २०१३ पासून स्वतःचे दिशादर्शक उपग्रह सोडले आणि एप्रिल २०१६ मध्ये सात उपग्रहांचा पहिला संच पुरा केला. त्यांतल्या काहींची अणुघड्याळे बंद पडली, तरी आजचे पुष्कळ फोन ते संकेतही वाचतात.

यंत्राने जागा अचूक सांगितली तरी त्या जागेवर काय आहे हे नकाशाच सांगतो, आणि नकाशाला वय असते. सोलापूरकराला हे दूर जाऊन शोधावे लागत नाही. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. धरणाआधीच्या पाहणीच्या शीटवर ती गावे आणि त्यांना जोडणाऱ्या गाडीवाटा ठळक दिसतात. कडक उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसदेवचे देऊळ वर येते आणि तेवढ्यापुरता जुना नकाशा पुन्हा खरा होतो. बॅकवॉटरच्या काठी तंबू ठोकणाऱ्याने पाण्याची रेषा ही कायमची रेषा मानू नये. दुसरे उदाहरण अधिक वेदनेचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे जमीनदोस्त झाली. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. किल्लारी नावाची आता जुनी जागा आहे आणि नवी जागा आहे. भूकंपाआधीचा नकाशा भरलेले यंत्र तुम्हांला बिनचूक पहिल्या जागी नेऊन सोडील. जिल्ह्याचे नावही २०२३ मध्ये धाराशिव झाले. पडद्यावरचे नाव आणि पाटीवरचे नाव जुळले नाही, तर चूक कोणाची हे थांबून पाहावे.

नावांचा विषय आमच्या विशेष आस्थेचा आहे. बुद्रुक आणि खुर्द ही दोन फारसी विशेषणे शेकडो मराठी गावांना चिकटली आहेत. एक थोरले गाव, एक धाकटे. कित्येकदा मध्ये नदी. महसुली दप्तर ‘बु.’ आणि ‘खु.’ कटाक्षाने लिहिते. फोनवरचे नकाशे ती अक्षरे पुष्कळदा गाळतात किंवा रोमन लिपीत तीन प्रकारांनी लिहितात. वडगाव, बोरगाव, पिंपळगाव अशी नावे तर तालुक्यातालुक्यांत आहेत. डांबरी रस्त्यावर या घोळाने पाच मिनिटे जातात. संध्याकाळी ओढ्याच्या चुकीच्या काठावर उतरलेल्याची रात्र जाते. म्हणून मुक्कामाची जागा यंत्रात नावाने शोधू नये. घरीच अक्षांश-रेखांशाने नोंदवून ठेवावी.

आता निवडीविषयी. फोन आणि नेटशिवाय चालणारा नकाशा हे आज बहुतेकांना पुरते, हे मान्य केले पाहिजे. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला, लोकांनी मिळून भरलेला नकाशा आहे. त्याच्यावर चालणारी अ‍ॅप्स अख्खा प्रदेश फोनमध्ये साठवतात. त्यात जुनी-नवी गावे दोन्ही सापडण्याचा संभव सरकारी शीटपेक्षा अधिक, पण जेथे कोणी भर घातली नाही तेथे तो कोराच असतो. एप्रिल-मेच्या उन्हात काचेमागे बसवलेला फोन तापून मान टाकतो, चिखलाच्या हातांना त्याचा पडदा दाद देत नाही, आणि संकटात बोलण्यासाठी ज्याची बॅटरी राखायची तेच साधन दिवसभर वाट दाखवण्यात खर्ची पडते. म्हणून लांबच्या वाटेला सेल बदलता येणारे बटणांचे वेगळे यंत्र घ्यावे असे आमचे मत आहे, आणि त्या भागाची छापील शीट आसनाखाली असावी. परदेशी जाहिराती पाहून उपग्रहामार्फत निरोप पाठवणारी यंत्रे मागवण्याचा मोह मात्र टाळावा. परवान्यावाचून ती बाळगणे आपल्याकडे गुन्हा आहे आणि त्यापायी परदेशी पर्यटकांना विमानतळांवर अटकही झालेली आहे. केवळ संकेत ग्रहण करणाऱ्या यंत्राला असा अडसर नाही.

कोणत्याच यंत्रात न भरलेली गोष्ट म्हणजे जमीन. उपग्रहाचे चित्र कोरड्या दिवसात काढलेले असले तर काळ्या रानातली गाडीवाट पांढरीशुभ्र, टणक दिसते. त्याच वाटेवर रात्री अर्धा तास पाऊस पडला की चाकाला मातीचे जोडे चढतात आणि चारही चाके फिरणारी गाडी जागच्या जागी गरगरते. मुरमाड माळावर तसे होत नाही, म्हणून जो तो माळाकडे वळतो. पण नान्नजचा माळ हा माळढोकाचा आहे. हा पक्षी आपले अंडे उघड्या जमिनीवर घालतो. १९७९ साली घोषित झालेल्या या अभयारण्याची हद्द प्रथम ८,४९६ चौरस किलोमीटर इतकी अफाट होती आणि नंतर ती १,२२२ वर आणली गेली. वेगवेगळ्या काळच्या नकाशांवर ती वेगवेगळी दिसणार. गवतात एकाने गाडी घातली आणि वाटेची नोंद यंत्रातून मित्रांना पाठवली, की पुढच्या सुटीत तेथे दहा गाड्यांची चाकोरी पडते आणि वर्षभरात ती चाकोरी नकाशावर रस्ता म्हणून उमटते.

भीमा आणि सीना जेथे मिळतात त्या हत्तरसंग कुडलला जाणाऱ्यांना हे अधिक सांगावेसे वाटते. तेथला शिलालेख इसवी सन १०१८ चा. मराठीच्या अगदी आरंभीच्या लेखांत त्याची गणना होते, आणि आमच्यासारख्या मराठी शिकवणाऱ्यांना तेथे वारंवार जावेसे वाटते. संगमाचा बिंदू कोणतेही यंत्र बिनचूक दाखवते. नदीकाठच्या काळ्या मातीत गाडी कोठवर न्यावी, पाणी वरून सोडले आहे काय, रात्री कोणत्या बाजूला राहावे, हे देवळापाशी बसलेल्यांना विचारावे लागते. त्यांच्यापैकी कोणी उठून शिवेपर्यंत सोबत आला, तर त्याच्या वेळेचे पैसे आधी ठरवून, मोजून त्याच्या हातात द्यावेत.