फेरफाराची वाट : दप्तरापासून संगणकापर्यंत

कवठे महांकाळसारख्या सांगली जिल्ह्यातील तालुक्यात द्राक्षबागेसाठी कर्ज काढायचे असो वा वाटणीचा वाद मिटवायचा असो, गाडे अखेर सातबाऱ्यापाशी, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या उताऱ्यापाशी, येऊन थांबते. मुंबई इलाख्यात 1903 च्या कायद्याने अधिकार अभिलेख, म्हणजे जमिनीवर कोणाचा कोणता हक्क आहे याची अधिकृत नोंद, सुरू झाला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये त्या नोंदीत बदल करण्याची रीत ठरलेली आहे : तलाठी गाव नमुना सहामध्ये, अर्थात फेरफार नोंदवहीत, बदल टिपतो, हितसंबंधितांना नोटीस देतो, हरकतीची मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि त्यानंतरच सातबारा बदलतो.

याच संहितेच्या कलम 154 नुसार दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याने हस्तांतरणाची वर्दी महसूल यंत्रणेला द्यायची असते. म्हणजे दोन दप्तरे जोडण्याची कल्पना संगणकाआधीची आहे. ई-फेरफार प्रणालीने दुय्यम निबंधकाच्या ‘आय-सरिता’ या दस्तनोंदणी प्रणालीतील माहिती थेट तलाठ्यापर्यंत पोहोचवली, तर 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. तथापि नोटीस, हरकत आणि प्रमाणीकरण हे टप्पे कायम राहिले, आणि ते राहिलेच पाहिजेत. कारण माहितीचा प्रवास कितीही वेगवान झाला, तरी शेतकऱ्याचा हक्क त्याचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय बदलता कामा नये.