भीमगीतांतला 'राजा' : अर्थ आणि इशारा

मोहने असो की नागपूर, भीमजयंतीच्या गीतांत बाबासाहेब 'भीमराजा' होतात. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्या पिढीने ही गीते गावोगाव नेली. ज्या समाजाला गावगाड्यात सर्वांत खालची पायरी मिळाली, त्याने मानाचा सर्वोच्च शब्द आपल्या माणसाला दिला. म्हणून हे रूपक बंडखोर आहे.

सुत्तनिपातातील सेलसुत्तात राज्यत्याग केलेले बुद्ध स्वतःला 'धम्मराजा' म्हणवतात. त्यांचे चक्र धम्माचे. वासेट्ठसुत्त तर माणसाची ओळख जन्माने नव्हे, कर्माने ठरवते.

मात्र राजकारणातील विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला. 'राजा' जरूर गावा. पण आपण प्रजा नव्हे, नागरिक आहोत, हे विसरू नये.

जय भीम!