बोरू, तोफ आणि कॅन्यन

गॉर्ज आणि कॅन्यन यांत फरक काय? भूगोलाच्या तासाला हा प्रश्न हमखास येतो. मराठीत कोणी घळई म्हणतो, कोणी निदरी, कोणी कॅन्यन तसाच ठेवतो. आणि 'गॉर्ज अरुंद, कॅन्यन मोठी व खोल' असे फळ्यावर लिहून आपण पुढे जातो. पण किती मीटर खोलीनंतर गॉर्जची कॅन्यन होते, असे एखाद्या मुलीने विचारले तर? भूशास्त्रात असा आकडा ठरलेला नाही. तेव्हा हे शब्द इंग्रजीत आले कुठून, तेच आधी पाहू.

इंग्लंडातल्या बहुतेक दऱ्या उथळ, गोलसर उतारांच्या. त्यांच्यासाठी डेल हा जुना शब्द होता. उत्तरेत येऊन राहिलेल्या नॉर्स लोकांकडून गिल आला, स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतून ग्लेन आला. उभ्या कड्यांच्या दरीसाठी मात्र फ्रेंचांकडे हात पसरावा लागला. गॉर्ज म्हणजे मुळात गळा, तर रॅव्हीन म्हणजे मुळात पाण्याचा लोंढा. पुढे इंग्रज भारतात आले आणि आपला नालाही 'नल्ला' होऊन त्यांच्या शब्दकोशात जाऊन बसला. जिथे जे भूरूप भेटले, तिथल्या लोकांचा शब्द उचलला, अशी ही रीत.

कॅन्यन हा याच रीतीने मिळालेला स्पॅनिश शब्द. स्पॅनिशमध्ये 'कान्या' म्हणजे बोरू, वेत अशी पोकळ देठाची वनस्पती. त्यावरून 'कान्योन' म्हणजे मोठी नळी. तोफेला इंग्रजीत कॅनन म्हणतात तो शब्द याच कुळातला. तोफ ही नळीच की! रस्ता या अर्थाच्या 'काये' शब्दाशीही काही कोशकार कान्योनचे नाते जोडतात, पण बोरूचा पक्ष अधिक मान्य आहे.

गंमत अशी, की कोलोराडो नदीच्या प्रचंड दरीच्या काठावर १५४० मध्ये पहिले युरोपीय, म्हणजे गार्सिया लोपेझ दे कार्देनास आणि त्याचे सोबती, पोहोचले तेव्हाच्या स्पॅनिश वृत्तांतात शब्द आहे तो 'बारांका'. तिघेजण खाली उतरू लागले आणि एक तृतीयांश उतरून परत फिरले. वरून माणसाएवढे वाटणारे खडक सेव्हिलच्या मनोऱ्याहून उंच निघाले, असे त्यांनी सांगितले. कान्योन हा शब्द इंग्रजीत शिरला तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, नैऋत्येच्या स्पॅनिश भाषक मुलखात गेलेल्या व्यापारी, शिकारी आणि सैनिकांच्या तोंडून. इंग्रजी छापखान्यांत एनवर नागमोडी रेघ असलेले अक्षर दुर्मीळ, म्हणून हळूहळू एन आणि वाय लिहू लागले. तरीही क्लॅरेन्स डटनच्या १८८२ च्या प्रसिद्ध ग्रंथाच्या शीर्षकात जुनेच अक्षर आहे.

या काळात शब्दाहून मोठा प्रश्न उभा होता: एवढी दरी झाली कशी? जमीन भेगाळून, की पाण्याने? १८५७-५८ मध्ये लेफ्टनंट आइव्हजच्या मोहिमेबरोबर गेलेल्या जॉन न्यूबेरी या भूशास्त्रज्ञाने पाण्याच्या बाजूने कौल दिला. (खुद्द आइव्हजला तो प्रदेश इतका निरुपयोगी वाटला, की आपल्यानंतर इथे कोणी फिरकणार नाही असे त्याने लिहून ठेवले!) नकाशा पाहिला तरी हे पटते. उपदऱ्या झाडाच्या फांद्यांसारख्या मुख्य दरीला मिळतात. भेग अशी फुटत नाही. १८६९ मध्ये एका हाताचा जॉन वेस्ली पॉवेल होड्यांतून ही नदी उतरला. 'ग्रँड कॅन्यन' हे नाव रूढ झाले ते त्याच्यामुळे. जमीन सावकाश वर उचलली जात होती आणि नदी करवतीसारखी तिला कापत राहिली, असे त्याने मांडले. तपशील पुढे बरेच बदलले. आज ही दरी मुख्यतः गेल्या ५० ते ६० लाख वर्षांत कोरली गेली असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. लांबी सुमारे ४४६ किलोमीटर, खोली दीड किलोमीटरहून जास्त.

मग कडे उभे का राहिले? तिथला पाऊस तुटपुंजा आहे. नदीला पाणी मिळते ते दूरच्या बर्फाळ डोंगरांतून, म्हणून ती तळ जोमाने खोदते. पण कड्यांवर पाऊसच फारसा पडत नसल्याने ते झिजून उताराचे होत नाहीत. त्यात थर कठीण-मऊ असे आलटून पालटून, म्हणून पायऱ्या दिसतात. इंग्लंडात असे दृश्य नव्हते. शब्द उसना घ्यावा लागला, यात नवल नाही.

मात्र शब्द एकदा आला की नियम पाळत नाही. कोलोराडो राज्यातल्या आर्कान्सा नदीवरच्या एकाच दरीला रॉयल गॉर्ज म्हणतात आणि आर्कान्साची ग्रँड कॅन्यनही म्हणतात. वायव्येची कोलंबिया नदीवरची गॉर्ज कितीतरी कॅन्यनांहून मोठी आहे. आंध्र प्रदेशात पेन्नार नदीवरच्या गंडिकोटाला लिहिताना गॉर्ज म्हणतात आणि पर्यटकांना 'भारताची ग्रँड कॅन्यन' म्हणून दाखवतात.

तेव्हा उत्तरपत्रिकेत फरकाचा तक्ता उलटसुलट आला म्हणून गुण कापण्याआधी थोडे थांबावे. त्याऐवजी एक कोरडी आणि एक पावसाळी, अशा दोन दऱ्यांची चित्रे देऊन कडे वेगळे का दिसतात, हे मुलांना विचारून पाहा. याचे उत्तर मोजता येते, नकाशावर आणि पर्जन्यमानाच्या तक्त्यावर तपासताही येते.