महाविद्यालयातील अस्पृश्यता : पाण्याच्या भांड्यापासून गुणवत्तेपर्यंत

महाविद्यालयाचे दार कायद्याने उघडले की शिक्षण सर्वांना खुले झाले, असा एक सोयीचा समज प्रस्थापित समाजाने जोपासला आहे. दलित-आदिवासी विद्यार्थ्यांचा अनुभव याच्या उलट आहे. दाराबाहेरचा बहिष्कार संपतो आणि दाराच्या आतला सुरू होतो. फक्त त्याचे रूप पालटते.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले गेले नाही. फारसी घ्यावी लागली. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले तेच बाबासाहेब १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांच्या भांड्यातले पाणी त्यांनी प्यावे यालाही काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. विद्वत्ता आली की जात गळून पडते, हा युक्तिवाद तिथेच खोटा ठरला. म्हणूनच त्यांनी विद्यार्थ्यांना निव्वळ सहनशीलता शिकवली नाही, संस्था उभारल्या. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईचे सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादचे महाविद्यालय. हेच पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेले आणि दलित साहित्याची एक पिढी तिथे घडली.

मिलिंदमध्येच शिकलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात यांच्या समितीने २००७ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावावर अहवाल दिला. त्रासाला कंटाळून दलित-आदिवासी विद्यार्थी वसतिगृहांच्या ठराविक मजल्यांवर एकवटल्याचे त्यात नोंदले आहे. गावकुसाबाहेरचा वाडा वसतिगृहात पोहोचला होता! संस्थेने मात्र हा अहवाल मान्य केला नाही.

२०१२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम करून प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा असे सांगितले. तरीही २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. मे २०१९ मध्ये मुंबईच्या टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या, तडवी भिल्ल समाजातील डॉ. पायल तडवी यांनी जीवन संपवले. वरिष्ठ सहकारी जातीवरून छळत होत्या, राखीव जागेवरील प्रवेशावरून हिणवत होत्या, असा कुटुंबीयांचा आरोप आहे. त्याच वर्षी राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन माता नियमांच्या अंमलबजावणीसाठी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. नियम कागदावर होता; तो पाळला जावा एवढे मागण्यासाठी मुले गमावलेल्या आयांना दिल्ली गाठावी लागली.

हा इतिहास मुलचेऱ्याच्या विद्यार्थ्याने का वाचावा? २०११ साली गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ होईपर्यंत या भागाचे विद्यापीठ दोनशे किलोमीटरपलीकडे नागपूरला होते. आता ते जवळ आले. पण अंतर केवळ किलोमीटरचे नसते. घरी माडिया किंवा गोंडी बोलणारे मूल गडचिरोली, चंद्रपूर, नागपूरच्या वर्गात बसते, तेव्हा त्याच्या उच्चाराला हसणे, त्याचे आडनाव ऐकून शिष्यवृत्तीचा उल्लेख करणे, यासाठी पाण्याचे भांडे वेगळे ठेवावे लागत नाही. ‘गुणवत्ता’ हा एक शब्द पुरतो.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी गावातून मूल महाविद्यालयात पाठवून थांबू नये. तिथे तक्रार ऐकणारा अधिकारी कोण, हे विचारावे. तक्रार लेखी द्यावी. तारखेसह पोच घ्यावी. तोंडी सांगितलेला अन्याय कार्यालयाच्या लेखी घडलेलाच नसतो. सहन करणारा एकटा असतो. नोंद करणाऱ्यामागे संघटना उभी राहू शकते.