लिंबायत आणि पुसलेला भत्ता

सुरतच्या लिंबायतमध्ये अहिराणी कानावर पडते, कारण धुळे-जळगाव-नंदुरबारची माणसं तापी खोऱ्याच्या रेल्वेनं इथल्या यंत्रमागांवर आली. घर सोडण्याचीही किंमत असते, हे १९७९च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यानं मान्य केलं: ठेकेदारानं आणलेल्या मजुराला महिन्याच्या वेतनाच्या निम्मी रक्कम किंवा ७५ रुपये, जे जास्त असेल ते, विस्थापन भत्ता म्हणून, शिवाय तो परत मागायचा नाही. २०२०च्या श्रमसंहितेनं प्रवासभत्ता ठेवला आणि नेमका हा गाळला. तो मिळत कुणाला होता, असं कुणी विचारेल. आक्षेप खरा आहे. आपल्या पायांनी आलेला खानदेशी त्यात बसतच नव्हता. पण त्यावर उपाय हक्काची कक्षा वाढवणं हा होता, हक्क पुसणं नव्हे. त्याच वर्षी टाळेबंदीत सुरतेतले मजूर मजुरी आणि घरची वाट मागत रस्त्यावर आले होते.